पऱ्याचं पाणी आगरात आणताना: पाइप केवढा, कोणत्या मालाचा, टाकायचा कसा

शिमगा सरला की कोकणातल्या निम्म्या आगरांत, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागांत, एकच तक्रार ऐकू येते: वर झऱ्याला पाणी आहे, खाली पाइपाला धार नाही. पूर्वी पाट काढून, पोफळीच्या पन्हळी टाकून पाणी खाली येई, तेव्हा अडलेलं पाणी डोळ्यांनी दिसायचं. काळ्या पाइपात काही दिसत नाही, म्हणून दोष झऱ्याला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा पाइपात हवा अडलेली असते, नाहीतर पाइपाचं माप किंवा माल चुकलेला असतो. या तिन्ही गोष्टी आधी हिशेबाने ठरवता येतात. पुढे एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतलं आहे. तुमचे आकडे वेगळे निघतील, रीत तीच.

आधी मोजमाप

झरा मोजायचा तो एप्रिलच्या अखेरीस किंवा मेमध्ये. दिवाळीतला आकडा कामाचा नाही. पऱ्याला, म्हणजे झऱ्याच्या ओहळाला, चिऱ्या-मातीचा तात्पुरता बांध घालून सगळं पाणी एका पाइपाच्या तुकड्यातून काढा आणि रंगाचा २० लिटरचा डबा भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. डब्यावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. लिटरच्या बाटलीने एकदा भरून २० लिटरची खूण स्वतः करून घ्या. तीनदा मोजा, आणि पहाटे व दुपारी वेगवेगळं मोजा. दिवसा झाडं मुळांनी पाणी ओढतात, त्यामुळे लहान झरा दुपारी खरोखरच बारीक होतो. हिशेबाला दुपारचा आकडा घ्यायचा.

आपल्या उदाहरणात डबा ४० सेकंदांत भरतो, म्हणजे मिनिटाला ३० लिटर. त्यातले २४ घ्यायचे आणि ६ पऱ्याला सोडायचे. खाली गुरं पाणी पितात, रानातली जनावरं पितात आणि दुसऱ्याची विहीरही त्यावरच असते. शिवाय वर थोडं पाणी सतत सांडत राहणं पाइपाच्याही हिताचं आहे, ते पुढे येईल. मिनिटाला २४ लिटर म्हणजे दिवसरात्र मिळून ३४,५०० लिटर.

उंचीसाठी मोबाइलवर भरवसा नको, त्यात दहा-दहा मीटरची चूक सहज होते. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल नळी १५ मीटर घ्या, पाण्याने भरून तिच्यातला बुडबुडा न् बुडबुडा काढा आणि दोन खुणेच्या काठ्यांनी झऱ्यापासून टाकीपर्यंत टप्प्याटप्प्याने उतरत या. प्रत्येक टप्प्याचं अंतर आणि उतार वहीत लिहा. वाटेत चढ लागला तर तोही लिहा, कारण पुढचा सगळा घोळ त्या चढांचाच असतो. खाली पोचल्यावर उलट मोजत वर जा. दोन बेरजांत वीतभर फरक आला तर चालेल, हातभर आला तर पुन्हा मोजा.

आपल्याकडे निघालं ते असं: पाइपाची लांबी ४२० मीटर, एकूण उतार २८ मीटर. झऱ्यापासून १५० मीटरवर कातळाचा एक उंचवटा आहे आणि त्याचा माथा झऱ्याच्या पातळीपेक्षा फक्त २ मीटर खाली आहे.

पाइपाचं माप

दुकानात ‘एक इंची’ मागितलं की काळ्या पाइपात ३२ मि.मी.चा मिळतो. हे ३२ बाहेरून मोजलेले असतात. पाणी जातं आतून, आणि अडीच मि.मी.ची भिंत धरली तर आत २७ मि.मी. उरतात. ‘पाऊण इंची’ म्हणजे बाहेरून २५, आत साडेवीसच्या आसपास. ‘सव्वा इंची’ म्हणजे बाहेरून ४०, आत सुमारे ३४. दाबाचा वर्ग बदलला की भिंत बदलते, म्हणून दुकानातच कॅलिपरने आतला व्यास मोजावा.

पाणी पाइपातून जाताना भिंतीशी घासतं आणि उताराचा काही भाग त्यात खर्च होतो. मिनिटाला २४ लिटर नेताना गुळगुळीत प्लास्टिकच्या पाइपात दर १०० मीटरला हा खर्च असा पडतो: २५ च्या पाइपात ९.६ मीटर, ३२ च्या पाइपात २.५ मीटर, ४० च्या पाइपात ०.८ मीटर. पाइप जरासा मोठा केला तरी खर्च एवढा घसरतो, कारण घर्षण व्यासाच्या जवळपास पाचव्या घाताने बदलतं. एक इंचीच्या एका पाइपाएवढं पाणी न्यायला पाऊण इंचीच्या दोन ओळी लागतात ते यामुळेच.

४२० मीटरला २५ चा पाइप ४० मीटर उतार मागतो आणि आपल्याकडे २८ आहेत. त्यातून फार तर २० लिटर येतील. ३२ च्या पाइपाला साडेदहा मीटर पुरतात. बेरीज छान जमली, पण इथेच थांबलं तर लाइन फसेल.

तो १५० मीटरवरचा उंचवटा आठवा. तिथे पोचेपर्यंत ३२ च्या पाइपात पावणेचार मीटर खर्च होतात आणि तोपर्यंत उतार मिळालाय फक्त दोन मीटर. म्हणजे माथ्यावर पाइपात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब. पाण्यात विरघळलेली हवा तिथे सुटते, सांधे बाहेरून हवा ओढतात आणि धार तुटत जाते. सांध्याला गळती दिसत नाही, कारण तो पाणी बाहेर सोडण्याऐवजी हवा आत घेत असतो. उपाय सोपा आहे. पहिले १५० मीटर ४० चा पाइप टाका. तेवढ्यात १.२ मीटर खर्च होतील आणि माथ्यावर ०.८ मीटर दाब शिल्लक राहील. पुढचे २७० मीटर ३२ चा पाइप, खर्च ६.८. एकूण आठ मीटर. मोठा पाइप वर, लहान खाली. अनेक जण नेमकं उलट करतात, कारण घराजवळचा पाइप चार माणसांना दिसतो.

मग सगळीकडेच ४० का नको? ३२ मधून २४ लिटर जाताना पाण्याचा वेग सेकंदाला ०.७ मीटर असतो, ४० मधून ०.४४. साधारण अर्ध्या मीटरच्या वर वेग असला तर एवढ्या व्यासाच्या पाइपातले बुडबुडे पाण्याबरोबर खाली ढकलले जातात, त्याखाली ते उंचवट्यांवर जमून बसतात. गाळाचंही तसंच. पैसे जास्त मोजून आळशी पाइप घेण्यात शहाणपण नाही.

हवा

उंचवट्यावर हवा अडकली की ती माथ्यापासून पुढच्या उतारावर पसरते, आणि तेवढ्या उभ्या उंचीचं पाणी पाइपात उरत नाही. प्रत्येक उंचवट्यामागे ३ मीटर उभी हवा आणि असे सहा उंचवटे असतील, तर १८ मीटर गेले. सगळी लाइन ३२ ची असेल तर घर्षणाचे साडेदहा त्यात मिळवा: २८.५. उतार २८. झरा वाहतोय, पाइपाला कुठे भोक नाही, तरी खाली टाकीत थेंब नाही.

म्हणून लाइन आखताना डोंगराच्या कडेकडेने सतत उतरती न्या, पाच-पन्नास मीटर पाइप जास्त लागला तरी. न टाळता येणाऱ्या माथ्यावर टी लावून १५ मि.मी.चा कॉक बसवा आणि लाइन सुरू करताना वरून खालच्या क्रमाने एकेक कॉक उघडून ‘फुस्स’ थांबेपर्यंत हवा सोडा. सुईने भोक पाडून ठेवायची पद्धत गावोगाव आहे. चार दिवस चालते, मग भोक गाळाने बुजतं किंवा मोठं होऊन दिवसभर गळत राहतं.

पहिल्या माथ्याला मात्र कॉकही नको. तो झऱ्यापेक्षा दोनच मीटर खाली आहे, तेव्हा टीवर अडीच मीटर उंच उभा पाइप जोडून शेजारच्या झाडाला बांधा आणि वरचं तोंड खाली वळवून मच्छरदाणीची जाळी लावा. पाणी त्या पाइपात झऱ्याच्या पातळीच्या वर कधीच चढू शकत नाही, म्हणून तो ओसंडत नाही, आणि हवा आपोआप जात राहते. लाइनीतल्या सगळ्यात खोलगट जागी याच्या उलट सोय करायची: टी आणि चुडीचं (आट्यांचं) टोपण, गाळ काढायला.

खालच्या टोकाला भोक

हिशेबातले आठ मीटर गेले, वीस मीटर उतार शिल्लक राहिला. पाइप खाली सताड उघडा ठेवला तर तो मिनिटाला ४५ लिटरच्या वर ओढू पाहतो. झरा देतो ३०. मग झऱ्याशेजारची वरची टाकी रिकामी होते, गाळणी उघडी पडते आणि पाइप पाण्याबरोबर हवेचे घोट घेऊ लागतो. खाली धार भसाभस, मग बंद, मग पुन्हा भसाभस. असं झालं की लोक वर जाऊन तोंडाशीच व्हॉल्व्ह आवळतात, आणि त्याने व्हॉल्व्हपुढचा सगळा पाइप अर्धा रिकामा राहतो. आवळायचं ते नेहमी खालचं टोक.

बॉल व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवला की त्याची सीट झिजते, आणि येणारा-जाणारा तो फिरवतो. त्यापेक्षा पितळी टोपणाला मधोमध भोक पाडून ते शेवटी बसवा. वीस मीटर दाबाला साडेसहा मि.मी.च्या भोकातून मिनिटाला २४ लिटर येतात. आधी ६ मि.मी.चं भोक पाडा (२१ लिटर), डब्याने मोजा आणि गोल कानसीने हळूहळू वाढवा. मेअखेरीला झरा आटतो तेव्हासाठी ५ मि.मी.चं दुसरं टोपण ठेवा, त्यातून १६ लिटर येतात. वर गाळणीच्या टाकीतून थोडं पाणी सांडतंय याचा अर्थ भोक बरोबर आहे. या भोकातून पाणी सेकंदाला वीस मीटरने सुटतं, तेव्हा टोपणाचं तोंड टाकीतल्या पाण्याखाली ठेवा, नाहीतर समोरच्या भिंतीचा गिलावा उडेल. रेती आली तर भोक महिन्या-दोन महिन्यांत मोठं होतं, हेही लक्षात असू द्या.

टोपणाच्या अलीकडे दाब मोजायला एक प्रेशर गेज आणि गेट व्हॉल्व्ह बसवा. हा व्हॉल्व्ह एरवी पूर्ण उघडा. बंद करायचा तर चाक सावकाश फिरवत पंधरा-वीस सेकंद घ्या. चालतं पाणी झटक्यात अडवलं की दाबाची लाट उठते. ३२ च्या पाइपातल्या ०.७ मीटर वेगाला एचडीपीईत (काळ्या पाइपात) ती दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलोची असते. जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, पाइपात तोच वेग अडवला तर आठ-नऊ किलोची. जीआय ताणत नाही, एचडीपीई जरा फुगून धक्का गिळतो. टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह लावूच नये, जास्तीचं पाणी सांडून पाटाला जाऊ द्यावं.

माल

डोंगरातल्या लाइनीला एचडीपीई, म्हणजे काळा पाइप, हाच योग्य. सड्यावर जांभ्याच्या कातळात चर खणता येत नाही, पाइप उघड्यावरच राहतो, आणि पीव्हीसी उन्हात दोन-तीन वर्षांत पांढुरका पडून काचेसारखा तडकतो. त्यावर नारळाची झावळी पडली तरी पुरे. काळ्या पाइपात सुमारे अडीच टक्के कार्बन ब्लॅक असतो, तो ऊन अडवतो. पीव्हीसी वापरायचा तर जमिनीखाली, आणि टाकीजवळचा उघडा तुकडा पांढऱ्या रंगाने रंगवून.

एचडीपीईला आयएस ४९८४, पीव्हीसीला आयएस ४९८५ हे मानक. पाइपावर आयएसआय खूण आणि सीएम/एल क्रमांक छापलेला हवा. तरी तुकडा कापून पाण्यात टाका. चांगला एचडीपीई पाण्यापेक्षा हलका असतो, तरंगतो. खडूची भुकटी भरलेला बुडतो. ३२ चा, अडीच मि.मी. भिंतीचा १०० मीटरचा वेटोळा साधारण २२ किलो भरला पाहिजे. १७ भरला तर भिंत कुठेतरी खाल्ली आहे. आत बोट फिरवा, खरखरीत लागलं तर घेऊ नका.

दाबाचा वर्ग: दहा मीटर उतार म्हणजे एक किलो. आपल्याकडे व्हॉल्व्ह बंद असताना खाली २.८ किलो. म्हणून पीएन ४ (४ किलो दाबाचा वर्ग) चालेल असं वाटतं, पण तो आकडा गार पाइपाचा असतो. एचडीपीई ४० अंशांना मूळ ताकदीच्या पाऊण भागाला येतो, आणि मे महिन्यात कातळावर पाणी थांबलेला काळा पाइप त्याहून बराच तापतो. पीएन ६ घ्या. उतार ४० मीटरच्या वर असेल तर मध्ये २०० लिटरचा पिंप ठेवून दाब तोडा आणि तिथून नवी लाइन धरा.

तापण्याचा दुसरा परिणाम लांबीवर होतो. रिकामा काळा पाइप ३० अंशांच्या फरकाने, म्हणजे पहाट ते दुपार, ४२० मीटरला जवळजवळ १.९ मीटर वाढतो-आखडतो. भर दुपारी ताणून जोडलेला पाइप रात्री आखडून सांध्यातून निसटतो आणि सकाळी सगळं पाणी रानात. पाइप सापासारखा सैल टाका, शेवटचा सांधा उजाडता उजाडता करा.

सांध्यांसाठी एवढ्या लहान मापाला कॉम्प्रेशन फिटिंग बरं. तव्यावर तापवून चिकटवलेल्या सांध्यात आतल्या बाजूला प्लास्टिकची कड येते. दोन्ही बाजूंनी दोन-दोन मि.मी. गेले की २७ चे २३ होतात, आणि गाळ नेमका तिथेच धरतो. पाइप काटकोनात कापा, बाहेरची कड चाकूने उतरवा, किती आत जायला हवा तिथे मार्करने खूण करा, साबणाच्या पाण्याने ओला करून खूण झाकेपर्यंत घुसवा. तेल लावू नका.

जांभ्यातलं झऱ्याचं पाणी मऊ आणि बहुधा किंचित आम्ल असतं. असं पाणी जीआयच्या आतलं जस्त खातं आणि मग नळाला तांबूस पाणी येतं. जीआय फक्त व्हाळ (ओढा) ओलांडायला वापरा, निळ्या पट्ट्याचा मध्यम वर्ग, आणि चुड्या पाडल्यावर उघडं पडलेलं लोखंड रंगाने झाका. स्वस्त पितळेतलंही जस्त असल्या पाण्यात झिरपून जातं, कॉक गुलाबी-तांबूस दिसू लागतो आणि पान्याने फिरवताना तुटतो. गनमेटल किंवा प्लास्टिकचा कॉक घ्या. समुद्राजवळच्या गावांत आणखी एक फसवणूक असते: क्लिपची पट्टी स्टेनलेस, पण तिचा स्क्रू साधा लोखंडी. खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत स्क्रू गंजून क्लिप गळून पडते. दुकानात स्क्रूला चुंबक लावून पाहा.

वरचं तोंड

झऱ्याखाली चिऱ्याचा छोटा बांध, शेजारी ५०० लिटरची झाकणाची टाकी. २४ लिटरच्या ओघाला पाणी त्यात वीस मिनिटं थांबतं, रेती खाली बसते. पाइप तळापासून वीतभर वर काढा. गाळणीला ७५ मि.मी.च्या पीव्हीसीचा हातभर तुकडा, टोक बंद, त्याला ५ मि.मी.ची १८५ भोकं. सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ ४० च्या पाइपाच्या तोंडाच्या चौपट असावं हा हिशेब. वर नायलॉनची जाळी. गाळणीवर निदान फूटभर पाणी हवं, नाहीतर भोवरा पडून हवा आत जाते. कुर्ल्या बारीक फटीतूनही शिरतात आणि पाइपात अडकून मरतात. झाकण घट्ट असू द्या.

बिघाड शोधताना

गेट व्हॉल्व्ह बंद करून गेज पाहा. काटा २.८ वर यायला हवा. तो १.६ वर येऊन स्थिर राहिला तर १२ मीटरचं पाणी हवेने खाल्लंय, वर जाऊन कॉक उघडा. काटा स्थिर न राहता घसरत असेल तर वरचं तोंड बुचाने बंद करून पाहा. झपाट्याने शून्याकडे आला तर कुठेतरी फुटलंय. २.८ दाखवतो पण उघडल्यावर धार बारीक, तर हवा नाही आणि मोठी गळतीही नाही. पाइप आतून बुजलाय किंवा टोपणाच्या भोकात कचरा आहे. टोपण आधी पाहा, ते खाली आहे.

लोहाचा तांबूस चिकट थर बसत असेल तर वर्षातून एकदा स्पंजचा बोळा सोडा, पाइपाच्या आतल्या मापापेक्षा बोटाच्या पेराने मोठा. टोपण काढून व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, बोळा वरून घाला, पाणीच त्याला ढकलत आणतं. ४० चा भाग आणि ३२ चा भाग वेगळा साफ करायचा. तापवून जोडलेले सांधे असतील तर हा प्रयोग करू नका, बोळा कडेला अडकेल.

साळिंदर पाइप कुरतडतं, रानडुक्कर उकरतं, पण सगळ्यात मोठं नुकसान वणव्याचं. फेब्रुवारीपासून पाइपाच्या दोन्ही बाजूंचं हातभर गवत काढून टाका. झाकायला गवत नव्हे, माती किंवा चिऱ्याची खापरी वापरा. मिरगाच्या आधी पहिले दहा मीटर पाइप आणि गाळणी सोडवून वर कोरड्यात ठेवा, कारण पहिल्या लोंढ्याबरोबर दगड येतात. उरलेल्या लाइनीची दोन्ही टोकं बुचाने बंद करा. दिवाळीनंतर पुन्हा जोडताना टोपण न लावता अर्धा तास पाणी मोकळं सोडा, आत जे काही राहायला आलं असेल ते आधी बाहेर पडू द्या.